सोलवाई जगात तिसावी आली, त्याबद्दल

बर्नाबी, कॅनडा
फेब्रुवारी २००८

तीर्थरूप नंदूदादास पद्मजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघं (खरं तर चौघं, पण ते पुढे येईलच) मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शेकतोस ना नेमाने, की गरम पाण्याची पिशवी नुसती मांडीवर घेऊन टीव्ही बघतोस? वहिनींचा बीपी, धंतोलीच्या डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी, गच्चीवरची संत्र्याची कुंडी, सगळ्याची खुशाली कळव. ह्यांची तब्येत उत्तम आहे, फक्त डाव्या कानाची पाळी थंडीने जराशी काळी पडली आहे. डॉक्टर म्हणाले, गळून पडणार नाही. हे म्हणाले, पडली तरी चष्मा राहील एवढा कान शिल्लक ठेवा. वीज मंडळातून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ह्यांची बोलायची पद्धत अजून तक्रार निवारण कक्षातलीच आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. त्या दिवशी मी तुला मोबाइलवरून ओरडून सांगितलं की आपली सोलवाई जगात पहिली आली. दादा, मी ते वाक्य बोलले तेव्हा ते शब्दशः खरं होतं. पुढच्या तासाभरात ते थोडं थोडं कमी खरं होत गेलं, एवढंच. पण तोवर तू फोन ठेवला होतास, आणि सकाळी गल्लीत पेढेही वाटून झाले होते, असं वहिनींकडून कळलं. तेव्हा काय घडलं ते पहिल्यापासून नीट लिहिते, म्हणजे पेढे खाल्लेल्या मंडळींना तुला तोंड देता येईल.

सोलवाई नॉर्वेची. नाव ऐकून तुला वाटेल की काटोल रोडला कुठल्या तरी बांधावर शेंदूर लावून बसलेली देवी असावी, पण तिकडे हे नाव अगदी सरसकट ठेवतात म्हणे. ती मला 'पाद्माया' म्हणते. त्यांच्या भाषेत ज चा य होतो. माझं नाव आजवर शाळेत, बँकेत, पासपोर्टवर अनेकांनी बिघडवलं, पण बिघडवताना त्यात माया घालणारी ही पहिलीच. तीन वर्षांपूर्वी ती आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली. आमच्या घरामागच्या डोंगरावर मोठं विद्यापीठ आहे, तिथे ती सॅमन माशांचा अभ्यास करते. आली तेव्हा पाठीवर कपड्यांची एक छोटी पिशवी आणि खांद्यावर माणसाएवढी लांब काळी पिशवी. ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि मला कानात म्हणाले, "बंदूक असावी." मी म्हटलं, असू द्या, मुलगी गोड दिसते. तर त्या पिशवीतून निघाल्या लाकडी फळीसारख्या पण फळीपेक्षा निम्म्याने अरुंद अशा लांबलचक स्की. चार जोड्या! मी विचारलं, पाय तर दोनच आहेत ना? ती म्हणाली, "बर्फ वेगवेगळा असतो, पाद्माया."

तुला टीव्हीवर दिसतं ते डोंगरावरून घसरत खाली येण्याचं स्कीइंग निराळं. सोलवाईचं म्हणजे क्रॉस-कंट्री. यात डोंगर उतरायचा असतो तसा चढायचाही असतो, आणि तोही पायात त्या लांब पट्ट्या अडकवून, हातातल्या काठ्या रोवत, पळत. खालून वर घसरत जायचं, असं समज. (हे म्हणतात, विज्ञानाच्या दृष्टीने हे वाक्य चूक आहे. मग त्यांनी चढून दाखवावं.) नॉर्वेत हा खेळ म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट आणि बारावीची परीक्षा एकत्र केल्यासारखा. पोरं चालायला शिकली की लगेच स्कीवर उभी करतात. सोलवाई अकराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली, सोळाव्या वर्षी ज्युनियरमध्ये पदक मिळवलं, गावात मिरवणूक निघाली, वडिलांनी ओसरीवर झेंडा लावला. पुढे मोठ्या बायकांच्या गटात गेली आणि तिथून रांगेतच उभी राहिली. त्या देशात इतक्या जणी इतक्या जोरात पळतात की त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दहावी आलेली मुलगी दुसऱ्या कुठल्याही देशात जन्मली असती तर तिच्या नावाचा चौक झाला असता. पण परदेशी शर्यतींना पाठवणार मोजक्याच जणी. सोलवाई कधी नववी, कधी अकरावी. एकदा राखीव म्हणून स्वीडनला नेलं. पाठीवर नंबर बांधून, अंग गरम करून ती उभी राहिली, आणि जिला ताप होता तिचा ताप नेमका उतरला. त्यानंतर टाचेचं दुखणं झालं, एक अख्खा हिवाळा गेला, संघाने नाव वगळलं, आणि ही बाई मासे शिकायला कॅनडात आली. हे सगळं तिने मला एकदम सांगितलेलं नाही. पोळ्या लाटताना एकेक वाक्य करून सांगितलं. रडली कुठेच नाही. मीच रडले, आणि ती पोळी फुगली नाही.

मला वाटलं होतं, इथे येऊन तिचा तो नाद सुटेल. कसला सुटतोय! बर्नाबीत बर्फ कमी आणि पाऊस फार. मग ही बया चाकांच्या स्की पायात घालून, रेनकोट चढवून, विद्यापीठाच्या डोंगरावर रस्त्याच्या कडेने चढत जायची. शेजारचे सरदारजी दोनदा मला हिंदीत विचारून गेले की बेटी की गाडी खराब है क्या, आम्ही सोडतो. शनिवारी आमचा शंतनु तिला समोरच्या उंच डोंगरावर खऱ्या बर्फात घेऊन जायचा. शंतनु तुला ठाऊकच आहे. सॉफ्टवेअरवाला, घरात असला तरी आहे की नाही हे दार उघडून बघावं लागतं. तो आपणहून पहाटे उठून गाडीला विंटर टायर्स बसवून घेऊन आला, तेव्हाच माझ्या काही गोष्टी लक्षात आल्या. (मी बोलले नाही. मला बोलायची सवय नाही, हे तू जाणतोसच.)

घरावरही परिणाम झाला. स्कीला मेण लावतात आणि ते इस्त्रीने वितळवून पसरवतात. त्यासाठी वेगळी इस्त्री असते, ती सोलवाईकडे होती. पण ती क्लासला गेलेली असताना ह्यांना मदतीची हुक्की आली आणि ह्यांनी गॅरेजमध्ये माझी इस्त्री वापरली. दुसऱ्या दिवशी मी दीनाच्या मुलाच्या लग्नाला जायला (दीना म्हणजे माझी अलिबागकडची बेने इस्राएल मैत्रीण, लग्न टोरांटोला होतं) पैठणीवर ती इस्त्री फिरवली. पदरावरचे मोर आता पावसात भिजत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये मी खुर्चीवरून तीनदा घसरले. दीना म्हणाली, "पद्मजा, बस ना गं नीट." काय सांगणार? शिवाय ती एक तपकिरी चीज खाते, दिसायला खवा, चवीला खव्याचा लांबचा भाऊ. मी त्याचे गुलाबजाम करून पाहिले. त्याबद्दल पुन्हा कधी बोलायला नको.

तर यंदा जगातली मोठी शर्यत, वर्ल्ड कप म्हणतात ती, इथल्या रॉकी पर्वतात कॅनमोर नावाच्या गावी होती. नॉर्वेच्या काही मुली प्रवास नको म्हणून युरोपातच राहिल्या, दोघी तापाने आडव्या झाल्या, संघात जागा रिकामी राहिली. मग त्यांच्या कोचला कोणीतरी आठवण करून दिली की आपली एक मुलगी तिथे कॅनडात आहे आणि इथल्या शर्यती जिंकते आहे. (त्या तिने आम्हाला सांगितल्याच नव्हत्या. कप बेसमेंटच्या वॉशरूममध्ये होते, एकात टूथब्रश.) फोन आला तेव्हा ती आमच्याकडे वरण-भात जेवत होती. नॉर्वेजियनमध्ये फक्त "या, या, या" (म्हणजे हो, हो, हो) म्हणाली, फोन ठेवला, आणि उरलेला भात शांतपणे संपवला. मग म्हणाली, "पाद्माया, मी नॉर्वेकडून धावणार आहे." तिचं वय एकोणतीस. त्या खेळात कोणाला असं उशिरा पहिल्यांदा बोलावत नाहीत. शंतनु ताटावरून उठला, हात न धुता फावडं घेऊन बाहेर गेला आणि ड्राइव्हवे शोव्हल करून आला. त्या दिवशी बर्फ पडलेला नव्हता.

ती संघाबरोबर आधी गेली. आम्ही तिघं गाडीने मागून निघालो. वाटेत डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला म्हणून हायवे बंद. तासन्‌तास गाडीत बसून होतो. मी मेथीचे पराठे केले होते, ते थंडीने असे कडक झाले की ह्यांनी एक पराठा काचेवरचा बर्फ खरवडायला वापरला, आणि दादा, निघाला बर्फ. पोचलो तेव्हा शर्यतीला थोडाच वेळ उरला होता. थंडी अशी की श्वास घेतला तरी नाकात काचा टोचाव्यात. हे माकडटोपीत, मी साडीखाली शंतनुच्या दोन पँटी, वर तुझं जुनं स्वेटर. सगळे लोक हातात गायीच्या गळ्यातल्या असतात तसल्या घंटा घेऊन उभे. वाजवून धावणाऱ्याला जोर द्यायची तिथली रीत आहे. सोलवाईने मला ते आधी सांगितलं होतं म्हणून मी देवघरातली घंटा पर्समध्ये घालून नेली होती. नॉर्वेची मंडळी "हेया, हेया" ओरडत होती. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. मी "हैया" म्हणत घंटा वाजवायला लागले आणि त्यांच्या घोळक्यात एका म्हातारीने मला पुढे जागा करून दिली.

या शर्यतीत सगळ्या एकदम सुटत नाहीत. एकामागून एक, थोड्या थोड्या अंतराने सोडतात, आणि प्रत्येकीला किती वेळ लागला ते मोजतात. कमी नावाजलेल्या आधी, मोठ्या खेळाडू शेवटी. हे मला कोणीही समजावून सांगितलेलं नव्हतं. ह्यांना माहीत होतं. ह्यांनी नंतर सांगितलं. सोलवाई अगदी सुरुवातीच्यांत सुटली. लाल पोशाख, छातीवर नॉर्वेचा झेंडा. आमच्या बेसमेंटमध्ये दुधाची पिशवी मागायला येणारी मुलगी ती हीच, हे मला पटेना. ओठ घट्ट, डोळे खाली, आणि त्या चढावर पाय असे टाकत होती की बर्फाला वाटावं आपलं काही चुकलं. आणि शंतनु! दादा, तुझा हा भाचा, जो ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलला तर लोक ईमेल करून अभिनंदन करतात, तो दोरीपलीकडून तिच्या बाजूने धावत सुटला. बर्फात कमरेपर्यंत रुतला, एक बूट तिथेच राहिला, आणि मोज्यावर धावत मराठीत ओरडत होता, "सोडू नको! सोडू नको! वर ये!" तिला मराठी येत नाही. पण ती वर आली.

शेवटच्या रेषेवर येऊन ती तशीच बर्फात आडवी पडली. मी मोठ्या पडद्याकडे पाहिलं. सोलवाईचं नाव, पुढे एकचा आकडा. नॉर्वेचा झेंडा. दादा, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? मी फोन लावला. तू झोपेतून उठून म्हणालास, "काय म्हणून राहिली तू? पहिली? जगात?" मी म्हटलं, "जगात!" आणि आनंदाने हातमोज्यातून फोन निसटून बर्फात गेला. तो सापडेपर्यंत सोलवाई चौथी झाली होती.

मी ह्यांना म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे, तक्रार करा. तेव्हा ह्यांनी मला ती आधी-नंतरची भानगड समजावली. पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. एकेक धिप्पाड मुलगी येते, रेषा ओलांडते आणि आपल्या सोलवाईचं नाव एक पायरी खाली उतरतं. सातवी. बारावी. अठरावी. मी देवाची घंटा हातात धरून त्या परक्या मुलींना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सोलवाई अंगावर जाड कोट घेऊन आमच्याजवळ येऊन उभी राहिली होती. ती शांत. मी म्हटलं, "अगं, वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "पाद्माया, मला पहिली यायचं नाही. मला तिसावी यायचंय." मला वाटलं, थंडी डोक्यात गेली. मग शंतनुने (दात वाजवत, एका पायात माझी शाल गुंडाळून) सांगितलं की या शर्यतीत पहिल्या तिसांनाच गुण मिळतात. तिसावीला एक. एकतिसावीला काही नाही. तो एक गुण मिळाला की त्या खेळाच्या पुस्तकात नाव कायमचं. पन्नासांहून जास्त मुली धावत होत्या, आणि त्यांतली एकेक आपापल्या देशात देवी मानलेली.

पंचविसावी झाली. सत्ताविसावी. एकोणतिसावी. नॉर्वेची दुसरी मुलगी आली, ती तर पदक घेऊन गेली. सगळे तिकडे धावले, कॅमेरे, झेंडे, कोच. सोलवाई तिसावी. आणि वाटेवर अजून एकच मुलगी शिल्लक. ती कॅनडाची! वाटेत पडली होती म्हणून मागे राहिलेली, पण आता जीव तोडून येत होती. सगळं मैदान तिच्यासाठी उठलं. घंटांचा असा कल्लोळ की कान बंद व्हावेत. आणि मी, दादा, गेल्याच जुलैत हात वर करून, राणीच्या फोटोसमोर, कॅनडाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेली बाई. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरला. देशासाठी याहून जास्त मला जमण्यासारखं नव्हतं.

ती पोरगी रेषेवर अक्षरशः झेपावली. पडदा क्षणभर तसाच. मग खाली नाव उमटलं. एकतिसावी. अर्ध्या श्वासाने.

मी किंचाळले. पण सोलवाई नाचली नाही की ओरडली नाही. दोरीखालून वाकून आत गेली, त्या पडलेल्या कॅनडाच्या मुलीच्या पायांतल्या स्की सोडवल्या, तिला उठवून धरलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन उभी राहिली. रांगेत बाहेर राहिलेली मुलगी कशी असते ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तेव्हा मी मूठ सोडली आणि दोघींसाठी घंटा वाजवली. मग ती आमच्याकडे आली, एक बोट वर केलं, म्हणाली "वन पॉइंट", आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडली. पापण्यांवरच गोठलं ते. नॉर्वेच्या पेपरात पदकवालीचा मोठा फोटो आला आणि हिच्याबद्दल अक्षर नाही. पण तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं की ओसरीवर पुन्हा झेंडा लावला आहे. मी ह्यांना इंग्रजीत बोलायला लावून त्यांना कळवलं की बर्नाबीतही लावला आहे. (घरात झेंडा नव्हता. लाल टेबलक्लॉथ लावला.)

तेव्हा दादा, पेढे वाया गेलेले नाहीत. आपल्या घरात आजवर जगात तिसावं कोणी आलं आहे का, कशातही? गल्लीत विचार. मी तर इथे ग्रोसरीच्या रांगेतसुद्धा सांगते. पहिली आलेल्या मुलीला आपण पहिल्या येणार हे ठाऊक असतं. आपल्याला कोणी बोलावणार नाही हे ठाऊक असताना ही रोज पावसात चाकं घालून डोंगर चढत होती.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघा जप, आणि पिशवीत पाणी गरमच घालत जा.

तुझी धाकटी बहीण,
पद्मजा

ता. क. तुझ्या मिलिंदने ईमेलवर पाठवलेला गल्लीतल्या मंडळाच्या सत्काराच्या फलकाचा फोटो आत्ताच पाहिला. 'जागतिक विजेती, आपल्या नागपूरची सून सौ. सोलवाई हिचे हार्दिक अभिनंदन.' कार्यक्रम रद्द करू नकोस. फक्त पेंटरला बोलावून 'जागतिक विजेती' पुसून 'जगात तिसावी' लिहून घे. बारीक अक्षरात नको, आहे त्याहून मोठं. कोणी हसलं तर त्याला फुटाळा तलावाला पळत एक चक्कर मारून यायला सांग, मग बोलू.

ता. क. २. 'सून' आणि 'सौ.' मात्र पुसू नकोस. आता तुझ्यापासून काय लपवायचं? काटेकोरपणे सांगायचं तर ती आमची भाडेकरू आहे. शंतनुने तिला अजून काहीही विचारलेलं नाही. बर्फात बूट सोडून धावेल, पण तोंडातून एक वाक्य काढेल तर शपथ. मे महिन्यात तिचा अभ्यास संपतो आणि ती परत जायची. तो फक्त मामाचं ऐकतो. हे पत्र एवढं लांबवलं ते खरं यासाठीच. त्याला चार ओळी खरमरीत लिही.

ता. क. ३. पाकीट बंद करत होते तेवढ्यात सोलवाई दूध मागायला वर आली. तो फोटो स्क्रीनवर तसाच उघडा होता. ह्यांना विचारून तिने एकेक शब्दाचा अर्थ लावून घेतला. ह्यांनी 'सून'चाही खरा अर्थ सांगून टाकला, मी डोळ्यांनी खुणावत असताना. तिने फलक बराच वेळ पाहिला, कान लाल झाले, आणि म्हणाली, "पाद्माया, पहिली चूक दुरुस्त करायला सांग. दुसरी राहू दे." मग दूध न घेताच खाली गेली. तेव्हा दादा, मुलगी हो म्हणाली आहे. मुलाने अजून विचारलेलं नाही. तो आत्ता बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करतो आहे. तू लिहीच.